बोटीवरच्या संडासाची राखण

या दिवाळी अंकात लिहिणारी माणसं मोठी असतात. कुणी चाळीस वर्षं वकिली केलेली, कुणी तीन जिल्ह्यांत मामलेदारी केलेली. मी अजून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरी म्हणावी अशी एकच केली, ती एका उन्हाळ्याची, आणि तीही संडासाची. माझ्याकडून हे व्हायचं नाही असं मी संपादकांना दोनदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, तेच लिही. पण हा अंक फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचतात हे मला ठाऊक आहे. तेव्हा वाचकांची आधीच माफी मागतो आणि जमेल तेवढं स्वच्छ लिहितो.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. पिशोरच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा मेंढरं राखतात, आजोबाही तेच करत. मी पहिल्या वर्षाला होतो त्या साली पाऊस असा रुसला की जायकवाडीचं पाणी खाली खाली जात शहराला पाणी देणारी तोंडं उघडी पडायला आली. शहरात नळ कोणत्या वारी येतो ते बघून लोक लग्नाच्या तारखा धरत होते. सगळीकडे नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या. प्रत्येकीच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव असायचा आणि प्रत्येकीच्या दारात टँकर.

अशात कॉलेजच्या फळ्यावर एक चिठ्ठी लागली. पाणीपुरवठ्याच्या कामावर देखरेख सहायक पाहिजे, विज्ञान शाखेस प्राधान्य. मला वाटलं, परीक्षानळ्या असतील, पांढरा कोट असेल. घरी फोन करून सांगितलं की पाण्याचं बघायचं काम लागलं. आबांनी ते ज्या ज्या गावात मेंढरं नेली त्या त्या गावात सांगितलं.

काम होतं धरणाच्या पाण्यात, एका बोटीवर. बोट म्हणायचं, पण ती स्वतःहून चालत नसे. लोखंडी, पसरट, अंगणाएवढी, आणि तिच्यावर पाणी ओढणारे पंप. पाणी मागं सरकेल तशी तिला पुढं न्यायची आणि मागं पाइप जोडत जायचं. न्यायचं काम रशीदचाचांच्या इंजिनाच्या छोट्या बोटीचं. चाचा पैठणचे, दाढी पांढरी, आणि बोलण्यात मराठी कुठं संपते आणि दखनी कुठं सुरू होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बोटीवर सहा माणसं राहत, पाळीनं पंप बघत. त्यांचे मुकादम होते निकम. पन्नाशीचे, झुपकेदार मिशांचे, पंपाच्या नुसत्या आवाजावरून त्याचं दुखणं सांगणारे. पंप सोडून कुणाला हलता येत नसे. आणि हलून जायचं कुठं? बोट आणि काठ यांच्यामध्ये गुडघाभर गाळ पसरलेला. चाचांच्या बोटीनं बराच वळसा घालून गेलं तरच पाय जमिनीला लागायचे.

वाचकांच्या लक्षात आलंच असेल. सहा माणसं, चोवीस तास, आणि बोटीच्या मागच्या टोकापासून दहा पावलांवर शहराचं पिण्याचं पाणी ओढणारा पाइप.

पहिल्याच दिवशी मेधा मॅडम भेटल्या. त्या पर्यावरणाच्या इंजिनिअर. आजोबा कारकून, वडील बँकेत, आणि त्या स्वतः डोक्याला रुमाल बांधून उन्हात पेचकस फिरवत होत्या. त्यांनी मला बोटीवरची एक निळी खोली दाखवली. आत एक मोठी पेटी, पेटीला बैठक, वर पत्र्याचं धुराडं.

"हा बिनपाण्याचा संडास," त्या म्हणाल्या. "आणि हा तू सांभाळायचास."

आमच्याकडे डॉक्टरसुद्धा हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणतात. मॅडमनी तो असा म्हटला, जसं कुणी टेबल म्हणावं. मी मान डोलावली. पांढऱ्या कोटाबद्दल विचारायचं राहून गेलं.

आता हे यंत्र काय असतं ते थोडक्यात सांगतो. घाणीला वास येतो तो पातळ आणि घट्ट एकत्र झाल्यानं. म्हणून बैठकीत दोन वाटा केलेल्या असतात. पुढची वाट एका कॅनमध्ये जाते, मागची ड्रममध्ये. काम झालं की ड्रममध्ये मगभर लाकडाचा भुसा टाकायचा, दांडा दोनदा फिरवायचा आणि झाकण लावायचं. एवढं नेमानं केलं तर वास येत नाही, माशी येत नाही, आणि आत सूक्ष्म जीव कामाला लागतात. ड्रम भरला की तो बाजूला मुरत ठेवायचा. आतून तो गरम होतो, हात लावला तर भाकरीच्या टोपल्यासारखा लागतो. काही महिन्यांनी काळी माती होते. ती रस्त्याकडेच्या झाडांना घालायची, भाजीला नाही.

माणसं त्याला मॅडमची पेटी म्हणत, आणि पहिला आठवडा संपेपर्यंत कुणी तिच्या वाऱ्याला उभं राहीनासं झालं.

त्यात चूक माणसांची नव्हती. ही पेटी मुळात जिथं तयार झाली तिथं लोक कागद वापरतात. आमची माणसं डबडं भरून आत गेली आणि सवयीप्रमाणे सगळं पाणी आत ओतून आली. चार दिवसांत आत काय झालं ते मी लिहिणार नाही, शब्द दिला आहे. भुसा वर तरंगत होता एवढंच सांगतो. मॅडम दोन तास वही पुढे घेऊन बसल्या. शेवटी तोडगा चाचांनी काढला. बैठकीच्या शेजारी एक उतरती फरशी बसवायची, तिला वेगळं भोक आणि भोकाखाली वेगळा कॅन. म्हणजे काम इथं करायचं आणि दोन पावलं सरकून पाणी तिथं वापरायचं. मॅडमनी चाचांना हात जोडले. चाचा म्हणाले, यात काय, नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला, आपण बाजूलाच सरकतो.

मग सहा थोर माणसांना दोन पावलं सरकायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. पूर्ण कपड्यांत, दार सताड उघडं ठेवून, मी पेटीवर बसून दाखवलं. इथं बसा. आता उठा. आता सरका. भुसा विसरू नका. सहा जण दारात उभे राहून एखाद्या पाहुण्या पुढाऱ्याचं भाषण ऐकावं तसे ऐकत होते. त्या क्षणी मला माझ्या गणिताच्या सरांची फार आठवण आली. ते म्हणायचे, तू एक दिवस लोकांना शिकवशील.

पाच जण शिकले. निकम शिकले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की पस्तीस वर्षं ते उगवतीकडे तोंड करून मोकळ्यावर बसत आले, बंद खोलीत त्यांना होणार नाही. आणि एवढं पाणी शेवटी फिल्टर होऊनच शहरात जातं ना? त्यावर चाचांनी एकदा दोरी वळता वळता उत्तर दिलं. चाचांची मुलगी शहरात दिलेली आहे.

"फिल्टरपे भरोसा है मेरेकू, निकमसाब," ते म्हणाले. "तुमपे नै."

यानंतर निकमांनी बोटीच्या मागच्या टोकाला जाणं सोडलं, पण पेटीलाही शिवले नाहीत. काठावर नेऊन सोडा म्हणाले, तर चाचांना नेमकं डिझेल वाचवायचं होतं. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी निकम जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पंपाचा चुकीचा नट आवळला, आणि पाना खाली ठेवून ते कुणाकडे न बघता निळ्या खोलीत शिरले. बाहेर आम्ही सगळे फार कामात असल्यासारखे उभे होतो. बऱ्याच वेळानं दांडा फिरल्याचा आवाज आला, दोनदा. निकम बाहेर आले, हात धुतले आणि म्हणाले, "खिडकी ठेवली ते बरं केलं. रोहित दिसतेत."

त्या उन्हाळ्यात उथळ पाण्यात रोहित पक्षी लई आले होते. निकमांनी ते पस्तीस वर्षांत बसून असे कधी पाहिले नव्हते, कारण मोकळ्यावर माणसाचं लक्ष पक्ष्यांकडे नसतं, दुसरं कुणी येतंय का त्याकडे असतं. त्या दिवसापासून सकाळचा पहिला नंबर त्यांचा. नंतर तर ते रेडिओही आत न्यायला लागले आणि बाहेर रांग लागायला लागली. एकदा एक साहेब पाहणीला आले होते. त्यांना घाईचं आलं, तर निकम स्वतः दारापर्यंत गेले आणि बाहेरून सूचना देत राहिले. साहेब, आता सरका. साहेब, भुसा. साहेब पुन्हा पाहणीला आले नाहीत.

खरा पेच होता तो तीन महिन्यांच्या मुदतीचा. बोटीचं आणि पंपांचं काम घेतलेल्या ठेकेदारानं मॅडमना तेवढीच मुदत दिली होती. मुरत ठेवलेल्या ड्रममधला नमुना जंतू मोजायला प्रयोगशाळेत जायचा. तो पास झाला तर पेटी राहणार, आणि असल्या बोटींवर सगळीकडे बसणार. नापास झाला तर पेटी उचलायची, मॅडमचं काम बंद, आणि माणसं पुन्हा मागच्या टोकाला. मॅडमनी या पेटीसाठी चांगली नोकरी सोडली होती. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, चाचांनी सांगितलं.

नमुना घ्यायच्या पंधरा दिवस आधी पाहुणे यायचे होते. ठेकेदार आणि त्याच्यासोबत चार बडी माणसं. सकाळी मी काठावरून भुशाची पोती घेऊन आलो तर निळी खोली ओळखू येईना. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. आत फरशी लखलखीत. आणि फिनेलचा असा वास की डोळ्यांतून पाणी यावं. निकम इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. पाहुणे यायचे म्हणजे घर धुवायचं, हा त्यांच्या आईनं लावलेला नेम. त्यांनी फरशी धुतली, बैठक धुतली, आणि मग हात न आखडता पेटीतल्या ड्रममध्ये एक बाटली ओतली आणि मागं मुरत ठेवलेल्या ड्रमचं झाकण काढून त्यातही दोन; तिन्ही रिकाम्या बाटल्या दाराशी होत्या.

पाहुणे खूश होऊन गेले. मॅडमनी वासाचं विचारलं तेव्हा निकम म्हणाले, फरशी पुसली. मी शेजारी उभा होतो. मी काही बोललो नाही. हे माझं पहिलं चुकणं.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या ड्रमला हात लावला. तो थंड होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही थंड. मी निकमांना बाजूला घेऊन समजावलं की आतले जीव फिनेलनं मरतात, आणि तेच हे सगळं काम करत होते. निकमांनी ड्रमवर हात ठेवला.

"म्हंजे मी मारलं व्हय त्यानला?" ते म्हणाले. आणि मग, "मॅडमला नको सांगू, दत्ता. मी तोंड कसं दाखवू त्या लेकराला?"

मॅडम पस्तीस वर्षांच्या असतील. पण ते ज्या आवाजात म्हणाले, त्यानंतर मला सांगणं जमलं नाही. पुस्तकात शोधलं तर पुस्तकात ड्रम पुन्हा सुरू करा एवढंच होतं. वेळ होता तेरा दिवसांचा. आणि मला एकच माणूस माहीत होता, ज्याचा जन्म खतात गेला.

आबांची मेंढरं तेव्हा बिडकीनच्या बाजूला होती. आमच्या धंद्याची रीत अशी की शेतकरी आपल्या रानात रात्रीची मेंढरं बसवून घेतो. मेंढरं लेंड्या टाकतात, रान सुपीक होतं, आणि धनगराला धान्य मिळतं. मी पोचलो तेव्हा आबा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. समोर सगळी आखलेली जमीन, पांढरे दगड रोवलेले. ते म्हणाले, औंदा मेंढरं बसवायला कुणी बोलवीना, समदे पलाट झाले, पलाटाला कोण खत घालतं.

मी चहा घेतला. इकडचं तिकडचं बोललो. मग खाली बघत सगळं सांगून टाकलं. पेटी, ड्रम, भुसा, फिनेल. ज्या गावांत त्यांनी माझ्या नोकरीचं कौतुक केलं होतं ती सगळी गावं मला डोळ्यांसमोर दिसत होती. आबांनी मध्ये एकच प्रश्न विचारला, ओल किती हाय? मी म्हटलं, मुठीत दाबलं तर गोळा होतो, पाणी गळत नाही. ते उठले आणि पोतं झटकायला लागले.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या बोटीतून आबा, एक पोतं जुनं मुरलेलं खत आणि एक पोतं ताज्या लेंड्या असे आम्ही बोटीवर गेलो. मॅडम त्या आठवड्यात शहरात होत्या. आबांनी पटक्याचं टोक खोचलं, झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला. मी हातमोजे पुढे केले होते, ते तसेच माझ्या हातात राहिले. खालून मूठभर काढून त्यांनी नाकाशी नेलं.

"वरचं मेलंय," ते निकमांना म्हणाले. "खालचं जित्तं हाय. कामून रडता, पाव्हणं?"

निकम खरंच रडत नव्हते, पण नाही म्हणालेही नाहीत. दोघांनी मिळून वरचा थर काढून वेगळ्या डब्यात भरला आणि बाकीच्यात जुनं खत कालवलं. दुधाला विरजण लावतात तसं, असं आबा म्हणाले, आणि विरजण जरा सढळ हातानं असावं म्हणून लेंड्यांचं अर्धं पोतंही घातलं. नको इतकं, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. वडिलांना, त्यांच्याच विषयात, मला सांगवेना. हे माझं दुसरं चुकणं.

परत जाताना बोटीत मी त्यांना म्हटलं, "आबा, मी तुम्हाला खोटं सांगितलं व्हतं."

"कुठं खोटं?" आबा म्हणाले. "पान्याचं बघतो म्हनला व्हतास. हे पान्याचंच हाय की."

चाचांनी उगाच इंजिनाचा आवाज वाढवला.

चौथ्या दिवशी ड्रम कोमट झाला. सातव्या दिवशी गरम. निकम रोज सकाळी ताप बघावा तसा त्याला हात लावून यायचे. ठरल्या दिवशी मॅडमनी नमुना घेतला, बरणी सील केली. सांगायचं असेल तर आता, असं मी मनात म्हणत होतो, तोवर बरणी गाडीत गेली होती. पुढं वरच्या अंगाला पाऊस झाला, नदीनं पाणी आणलं, बोट ओढून काठावर ठेवली आणि आम्ही पांगलो. निकालाला महिने लागतील म्हणाले होते. नंतर काही कळलं नाही. मॅडमचा नंबर माझ्याकडे होता, पण दोन वर्षांत मी एकदाही फोन केला नाही. पास झाल्याचं कळलं असतं तरी ते खरं वाटलं नसतं, आणि नापास झाल्याचं ऐकायची छाती नव्हती.

या वर्षी पाणी पुन्हा खाली गेलं. एके दिवशी दुपारी प्रॅक्टिकल संपवून बाहेर आलो तर फोन वाजला. मॅडम होत्या. ख्यालीखुशाली न विचारता म्हणाल्या, "दत्ता, मला एक सांग. धरणाच्या मध्यावर मेंढी कुठून आली?"



मग त्यांनीच सांगितलं. निकाल तेव्हाच आला होता. जंतू मर्यादेत होते. पण खाली शेरा होता की नमुन्यात मेंढीच्या अखंड लेंड्या आढळल्या, सबब तपासणी ग्राह्य धरता येत नाही. पेटी उचलून ठेकेदाराच्या गोदामात टाकली. मॅडम दुसरीकडे नोकरीला लागल्या. पण दोन वर्षं त्या मेंढीनं त्यांची पाठ सोडली नव्हती. चोहीकडे पाणी, मध्ये लोखंडी बोट, आणि त्यावर मेंढी. त्यांनी प्रत्येकाला विचारून पाहिलं, कुणी तोंड उघडलं नाही. मला विचारायचं त्यांच्या मनात आलं नाही, कारण मी खोटं बोलणाऱ्यातला वाटत नव्हतो म्हणे. ते ऐकून जेवढं वाईट वाटलं तेवढं नापासाचंही वाटलं नाही.

"मग आता कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"निकमांनी. काल. सगळ्यांसमोर."

ठेकेदारानं बोट पुन्हा पाण्यात सोडली होती, पेटीशिवाय. निळ्या खोलीत पाइपांचे तुकडे भरले होते. सहा जण काठावर वळकट्या घेऊन उभे राहिले आणि कुणी चाचांच्या बोटीत पाय ठेवीना. ठेकेदार धावत आला. कागद दाखवला की पेटी नापास आहे. तेव्हा निकमांनी फिनेलपासून लेंड्यांपर्यंत सगळं सांगितलं आणि म्हणाले की नापास मी आहे, पेटी नाही. ठेकेदारानं मॅडमना फोन लावला. त्या शहरातून निघून काठावर पोचल्या तेव्हा सगळे ऊन खात तसेच उभे होते.

"आधी पेटी चढंल," निकमांनी मॅडमसमोर ठेकेदाराला सांगितलं, "मग मानसं."

मी विचारलं, "मग?"

"मग काय," मॅडम म्हणाल्या. त्या हसत होत्या, किंवा मला तसं वाटलं. "चार वाजता गोदामातून टेम्पो आला. पेटी चढली. माणसं चढली. पहिला पंप सुरू व्हायला मात्र अर्धा तास उशीर झाला. निकम आत होते."